तेरा ओळींचा कागद: केंटकीने एका उन्हाळ्यात उभा केलेला संघ

एप्रिल २०२४ च्या मध्यावर आमच्या शेजारच्या आजोबांच्या फ्रिजवर एक कागद लागला. वहीतून फाडलेला, पट्टीने आखलेल्या तेरा ओळींचा, डावीकडे १ ते १३ आकडे. तेरा, कारण तेव्हा कॉलेजच्या पुरुष बास्केटबॉल संघाला तेवढ्याच शिष्यवृत्त्या देता येत. बारा ओळी कोऱ्या होत्या. एकीवर शिसपेनने लिहिलेलं नाव होतं, ट्रॅव्हिस पेरी. आजोबा निवृत्त बसचालक आहेत. ते आमचे कोणी लागत नाहीत, पण माझी मुलं त्यांना आजोबाच म्हणतात. केंटकी विद्यापीठाचा एकही सामना त्यांनी कित्येक वर्षांत चुकवलेला नाही, निदान रेडिओवर तरी.

विद्यापीठाच्या या गावी, लेक्सिंग्टनला, राहायला आल्यावर पहिल्या हिवाळ्यातच कळतं की इथे बास्केटबॉल हा करमणुकीचा विषय नाही. अमेरिकेतल्या केंटकी राज्याला स्वतःचा एनबीएचा, म्हणजे व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, संघ नाही. त्यामुळे कोळशाच्या खाणींच्या पूर्वेकडच्या डोंगरांपासून पश्चिमेच्या तंबाखूच्या शेतांपर्यंत सगळ्यांची माया एकाच निळ्या जर्सीवर. आठ राष्ट्रीय विजेतेपदं, १९४८ पासून २०१२ पर्यंत. वीस हजारांवर माणसं बसतील असं रप अरीना, आणि त्याचं तिकीट वारसाहक्कासारखं जपणारी घरं.

अशा गावात संघाच्या यादीत एकच नाव उरतं तेव्हा काय होतं, ते मी त्या उन्हाळ्यात शेजारच्या व्हरांड्यात बसून ऐकलं. वर्षभर तो कागद मी भरताना, खोडताना, पुन्हा भरताना पाहिला. कॉलेज बास्केटबॉलमधल्या नव्या व्यवस्थेचं हे एक प्रकरण नीट मांडावं असं तेव्हापासून मनात आहे, कारण त्या वादात चाहते जे मोजत होते ते बरंचसं चुकीचं होतं, आणि जे विचारायला हवं होतं ते फार थोड्यांनी विचारलं.

घर रिकामं कसं झालं

२१ मार्च २०२४, पिट्सबर्ग. एनसीएएच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या, स्पर्धेची पहिली फेरी. तिसरं मानांकन असलेला केंटकी आणि चौदावं मानांकन असलेला मिशिगनमधला ओकलंड. ओकलंडच्या जॅक गोल्कीने त्या रात्री तीन गुणांच्या दहा फेका टाकल्या, ३२ गुण केले, आणि केंटकी ८०-७६ असा हरला. दोनच वर्षांपूर्वी, २०२२ मध्ये, पंधराव्या मानांकनाच्या सेंट पीटर्सने असंच घरी पाठवलं होतं. पंधरा वर्षं प्रशिक्षक असलेल्या जॉन कॅलिपारींविषयीचा संयम त्या रात्री संपला.

कॅलिपारींची पद्धत साधी आणि एकेकाळी अजिंक्य होती. देशातली सर्वांत गुणी शाळकरी मुलं आणायची, एक वर्ष खेळवायची, एनबीएत पाठवायची. २०१२ चं विजेतेपद त्यातून आलं. २०१५ चा संघ ओळीने ३८ सामने जिंकून मग उपांत्य फेरीत विस्कॉन्सिनकडून हरला. पण गोल्की पोरसवदा नव्हता. तो पदव्युत्तर शिक्षण घेणारा, अंगापिंडाने मुरलेला खेळाडू होता. अठरा-एकोणीस वर्षांच्या गुणवान पोरांसमोर तेवीस-चोवीस वर्षांचे खेळाडू उभे राहायला लागले होते, कारण कोविडमुळे सगळ्यांना एक जादा वर्ष मिळालं होतं आणि कॉलेज बदलणंही सोपं झालं होतं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कॅलिपारी आर्कान्सॉ विद्यापीठाकडे गेले. रीड शेपर्ड आणि रॉब डिलिंगहॅम एनबीएच्या वाटेवर होतेच. डी. जे. वॅगनर, अडू थिएरो आणि झ्वोनिमिर इव्हिशिच कॅलिपारींपाठोपाठ आर्कान्सॉला गेले. ॲरन ब्रॅडशॉ ओहायो स्टेटला, उगोना ओन्येन्सो कॅन्सस स्टेटला. येणाऱ्या वर्षासाठी करार केलेली मुलंही पांगली. राहिला तो पेरी.

बेलरचे स्कॉट ड्रू आणि कनेक्टिकटचे डॅन हर्ली यांची नावं दोन-तीन दिवस चर्चेत राहिली. दोघेही आपापल्या जागी थांबले. १२ एप्रिलला मार्क पोप यांचं नाव जाहीर झालं, आणि लेक्सिंग्टनमध्ये पहिल्या दिवशी जो सूर होता तो निराशेचा होता. ब्रिगहॅम यंग विद्यापीठातून आलेल्या या माणसाने मुख्य प्रशिक्षक म्हणून एनसीएए स्पर्धेत एकही सामना जिंकला नव्हता. आजोबांनी त्या संध्याकाळी रेडिओ बंद केला आणि अंगणातलं गवत कापायला घेतलं. गवत आधीच कापलेलं होतं.

दोन दिवसांनी, रविवारी, पोप यांची ओळखभेट रप अरीनात ठेवली. अरीना भरलं. पत्रकार परिषदेला वीस हजार माणसं! १९९६ च्या विजेत्या संघातले जुने खेळाडू बसमधून आले, त्यांच्यासोबत पोप उतरले, हातात १९९६ चा चषक. ते त्या संघाचे कर्णधार होते. परतल्यावर आजोबांनी कागद आखायला घेतला.

पोर्टल म्हणजे नक्की काय

आपल्याकडच्या वाचकांना क्रिकेटमधून हे लवकर समजेल. राज्य संघ बदलायचा तर खेळाडू आपल्या संघटनेकडून ना हरकत प्रमाणपत्र घेतो. एप्रिल २०२५ मध्ये यशस्वी जैस्वालने मुंबई सोडून गोव्याकडून खेळण्यासाठी असं प्रमाणपत्र मागितलं, तेव्हा मुंबईत किती गदारोळ झाला आणि नंतर त्याने विचार बदलल्यावर किती जणांना हायसं वाटलं, ते आठवून पाहा. आता कल्पना करा की प्रत्येक वसंतात प्रत्येक संघातल्या प्रत्येकाला ही मुभा आहे, आणि हरकत घ्यायचा हक्क कोणालाच नाही.

ट्रान्सफर पोर्टल ही एक नोंदवही आहे, ऑक्टोबर २०१८ पासूनची. खेळाडूने विद्यापीठाला कळवायचं, विद्यापीठाने कामकाजाच्या दोन दिवसांत नाव चढवायचं, मग देशातला कोणताही प्रशिक्षक त्याला फोन करू शकतो. पूर्वी असं कॉलेज बदललं की एक पूर्ण वर्ष सामने न खेळता बसावं लागे. २०२१ मध्ये एकदा बदलण्यासाठी ही अट गेली. डिसेंबर २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या एका संघीय न्यायालयाने दुसऱ्या-तिसऱ्या बदलावरचं बंधनही रोखलं, आणि एप्रिल २०२४ मध्ये एनसीएएने नियमच बदलून टाकला. अभ्यासात पास असलात तर हव्या तितक्या वेळा बदला. जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावाचे आणि छबीचे पैसेही घेता येतात. हे सगळं एकाच जागी येऊन मिळालं नेमकं त्या महिन्यात, ज्या महिन्यात केंटकीचं घर रिकामं झालं.

मला या मोकळीकीविषयी मनापासून आदर आहे. प्रशिक्षक लाखो डॉलरांसाठी एका रात्रीत शहर बदलू शकतो आणि एकोणीस वर्षांच्या मुलाने मात्र वर्षभर बाकावर बसावं, हा न्याय नव्हता. पण न्याय झाला म्हणून संघ बांधणं सोपं होत नाही.

व्हरांड्यातला वाद

आजोबांचा पुतण्या लुईव्हिल रस्त्यावरच्या एका गोदामात हिशेबाचं काम पाहतो. मे महिन्यात तो जवळजवळ रोज संध्याकाळी यायचा. एकेक नाव जाहीर होई तसं तो आकडे सांगायचा आणि आजोबा कागदावर लिहायचे.

आजोबांचं म्हणणं एकच होतं. ही भाडोत्री मुलं आहेत. जर्सी धुऊन वाळायच्या आत पुढच्या गावी जातील. त्यांना पेरी हवा होता, नोआ हवा होता. ट्रॅव्हिस पेरी लायन काउंटीचा, केंटकीच्या शालेय मुलांच्या बास्केटबॉलमध्ये आजवर सर्वाधिक गुण करणारा, पाच हजारांच्या वर. त्याआधीचा विक्रम केली कोलमनचा, ४,३३७ गुणांचा, १९५६ पासून कोणाला हात लावता आला नव्हता. ट्रेंट नोआ हार्लन काउंटीचा, खाणींच्या डोंगरातला. त्याचं साउथ कॅरोलायनाशी ठरलेलं होतं, पण पोप आल्यावर तो केंटकीकडे वळला. मार्च २०२४ ची राज्य शालेय स्पर्धेची अंतिम लढत याच रप अरीनात लायन काउंटी आणि हार्लन काउंटी यांच्यात झाली होती. म्हणजे महिन्या-दोन महिन्यांपूर्वी एकमेकांविरुद्ध झुंजलेली ही दोन पोरं आता एका खोलीत कपडे बदलणार होती. आजोबांना हे सांगताना गहिवरून यायचं.

पुतण्याचं म्हणणं वेगळं. ‘काका, पोप स्वतः कुठून आला होता?’

हा प्रश्न वर्मी लागणारा होता. मार्क पोप मूळचे केंटकीचे नव्हेतच. ते वॉशिंग्टन विद्यापीठात दोन हंगाम खेळले, मग बदली घेऊन इथे आले. १९९६ च्या त्याच संघात डेरेक अँडरसन होता, तोही ओहायो स्टेटहून आलेला. भाडोत्री म्हणायचं तर ज्या चषकासमोर वीस हजार माणसं उभी राहिली, तो चषकही भाडोत्र्यांनीच आणलेला.

आजोबांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, ‘तो एक वर्ष बसला होता.’

त्या संध्याकाळी मला ते हट्टी उत्तर वाटलं. आता वाटत नाही. पोप १९९३-९४ चा अख्खा हंगाम नियमाने बाहेर बसले. सराव करत राहिले, तेव्हाचे प्रशिक्षक रिक पिटिनो यांच्या पद्धतीत मुरले, गावाला ओळखीचे झाले, मग दोन वर्षं खेळले. २०२४ मध्ये येणाऱ्यांना असं वर्ष मिळणार नव्हतं. जूनमध्ये सराव सुरू, नोव्हेंबरात ड्यूकशी सामना.

तिसरा एक सूर गावभर होता, न्हाव्याच्या दुकानात, पेट्रोल पंपावर, सगळीकडे. यात तारा कुठे आहे? कॅलिपारींच्या काळात लोकांना दरवर्षी एक जॉन वॉल, एक अँथनी डेव्हिस बघायची सवय झाली होती. या यादीत एनबीएच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्या दहात जाईल असं कोणी नव्हतं. कोणी ड्रेक्सेलचा, कोणी डेटनचा, कोणी फेअरली डिकिन्सनचा. ही कॉलेजं कुठे आहेत, असं विचारणारेही भेटले.

सोबत काय येतं, काय मागेच राहतं

पुतण्याच्या हिशेबातली चूक मला उशिरा उमगली. तो प्रत्येकाचे मागच्या संघातले सरासरी गुण लिहायचा आणि खाली बेरीज करायचा. बेरीज छान यायची. पण बास्केटबॉलमध्ये चेंडू एकच असतो. आठ जण आधीच्या घरी पंधरा-पंधरा गुण करत असले तर नव्या घरी एकशेवीस होत नाहीत.

खरा प्रश्न असा विचारायला हवा: हा मुलगा तिथे जे करत होता, त्यातलं त्याचं स्वतःचं किती आणि त्या संघाने त्याला दिलेलं किती? त्या दृष्टीने कागदावरची नावं पुन्हा वाचली की चित्र बदलतं.

कोबी ब्रेया डेटनचा. २०२३-२४ मध्ये त्याच्या तीन गुणांच्या ४९.८ टक्के फेका आत गेल्या होत्या, देशात सर्वाधिक. अशी फेक सोबत येते. मनगट बदलत नाही, रिंगाची उंची बदलत नाही. केंटकीत बचाव जास्त लांब हातांचे आणि जास्त चपळ भेटले, तरी त्याची टक्केवारी ४३ च्या वर राहिली.

अमारी विल्यम्स इंग्लंडच्या नॉटिंगहॅमचा, डावखुरा, सात फुटांच्या आसपास. ड्रेक्सेलमध्ये असताना त्याच्या परिषदेचा, म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाचा, सर्वोत्तम बचावपटू म्हणून तीनदा निवडलेला. चाहत्यांनी तेवढंच पाहिलं. पोप यांनी त्याच्या पासमध्ये काहीतरी पाहिलं. त्यांच्या पद्धतीत उंच माणूस रिंगाखाली पाठ देऊन उभा राहत नाही. तो फ्री थ्रो रेषेच्या वर येतो, चेंडू हातात धरतो, आणि बाकीचे चौघे त्याच्याभोवती कापत फिरतात. विल्यम्सने त्या जागेवरून सामन्यामागे सरासरी तीनाहून जास्त असिस्ट दिले, म्हणजे सहकाऱ्याने लगेच गुण केले असे पास. त्याची बचावातली ख्याती मात्र पुरती सोबत आली नाही. छोट्या परिषदेत जो एकटा रिंगाचा पहारेकरी होता, त्याला केंटकीच्या परिषदेत, एसईसीत, रोज आपल्याइतकेच धिप्पाड गडी भेटले.

ओटेगा ओवेबद्दल तर गावात फारशी चर्चाच झाली नाही. ओक्लाहोमात त्याची सरासरी ११.४. बचावाला बरा, असं पुतण्याने लिहिलं होतं. शून्य-शून्य क्रमांकाचा हा मुलगा हंगामाअखेर संघाचा सर्वाधिक गुण करणारा ठरला, सामन्यामागे १६.२. तिथे संघाने त्याला जे दिलं नव्हतं, ते इथे मिळालं: मोकळी जागा. ब्रेयासारखा फेकणारा कोपऱ्यात उभा असला की त्याचा पहारेकरी मधे येऊ शकत नाही, आणि ओवेला रिंगापर्यंत मोकळी वाट मिळते. म्हणजे एकाची फेक दुसऱ्याच्या खात्यावर गुण चढवते. अशा गोष्टीला बेरजेत जागाच नसते.

लॅमाँट बटलर सॅन डिएगो स्टेटचा. २०२३ च्या उपांत्य सामन्यात फ्लोरिडा अटलांटिकविरुद्ध शेवटच्या क्षणी बास्केट मारून संघाला ७२-७१ असा अंतिम फेरीत नेणारा तोच. केर क्रिसा इस्टोनियाचा, ॲरिझोना आणि वेस्ट व्हर्जिनिया करून आलेला, म्हणजे केंटकी त्याचं तिसरं कॉलेज. अँड्र्यू कार वेक फॉरेस्टहून, ब्रँडन गॅरिसन ओक्लाहोमा स्टेटहून, ॲन्सली अल्मोनॉर फेअरली डिकिन्सनहून. पोप यांच्या ब्रिगहॅम यंगमधून जॅक्सन रॉबिन्सन, तोही एनबीएच्या निवडप्रक्रियेतून नाव मागे घेऊन. कॉलिन चँडलरही पूर्वी ब्रिगहॅम यंगशीच करार केलेला, धर्मसेवेची दोन वर्षं संपवून आलेला.

नऊ बाहेरून आलेले, तीन नवखे. कागदावर बारा नावं झाली. तेरावी ओळ कोरीच राहिली.

त्या कोऱ्या ओळीवर बोलायला हवं होतं. तारा आहे की नाही यावर आठवडे गेले, पण चेंडू वर, म्हणजे समोरच्या रिंगाकडे, आणणारे बटलर आणि क्रिसा दोघेही जायबंदी झाले तर तो कोण आणणार, हा प्रश्न मी तरी त्या उन्हाळ्यात कोणाच्या तोंडून ऐकला नाही. माझ्याही डोक्यात आला नाही.

हंगाम

सुरुवात अशी झाली की न्हाव्याच्या दुकानातले लोक ताऱ्याचा विषय विसरले. १२ नोव्हेंबरला अटलांटात ड्यूकवर ७७-७२ असा विजय. समोर कूपर फ्लॅग, त्या वर्षीचा देशातला सर्वांत गाजलेला नवखा, २६ गुण करून खेळत होता, पण शेवटच्या मिनिटांत केंटकीच्या मुलांचं वय बोललं. घाई कोणी केली नाही. १४ डिसेंबरला लुईव्हिलविरुद्ध बटलरने दहापैकी दहा फेका आत टाकल्या, त्यात तीन गुणांच्या सहापैकी सहा. एकूण ३३ गुण. लुईव्हिलनेही त्या वर्षी नव्या प्रशिक्षकाखाली, पॅट केल्सींखाली, सगळा संघ नव्यानेच बांधला होता. राज्यातले दोन कट्टर शत्रू, आणि दोन्हीकडे वर्षापूर्वी तिथे नसलेली मुलं. तरी अरीनातला आवाज तेवढाच होता. आजोबा त्या दिवशी म्हणाले, ‘बटलर आता इथलाच.’ एवढंच.

४ जानेवारीला फ्लोरिडावर १०६-१००. तोच फ्लोरिडा एप्रिलमध्ये राष्ट्रीय विजेता झाला.

पण त्याआधी, ७ डिसेंबरला, सिॲटलमध्ये काहीतरी घडून गेलं होतं आणि आम्ही विजयाच्या भरात ते नीट पाहिलं नाही. गोन्झागाविरुद्ध मध्यंतराला केंटकी १६ गुणांनी मागे होता. तिथून सामना जादा वेळेत नेऊन ९०-८९ असा जिंकला. त्या सामन्यात क्रिसाचा पाय दुखावला. तो त्या हंगामात पुन्हा खेळला नाही. मग जानेवारीत बटलरचा खांदा गेला. रॉबिन्सनला, जो मुळात कडेने फेकणारा, चेंडू वर आणायचं काम दिलं गेलं. त्याने ते निगुतीने केलं. मग त्याच्या मनगटाला लागलं, आणि मार्चच्या आरंभी शस्त्रक्रिया ठरून त्याचा हंगाम संपला. एकामागे एक तीन माणसं, तिन्ही त्याच जागेवरची. शेवटी काही सामन्यांत पेरीला सुरुवातीच्या पाचांत उतरवावं लागलं, पहिल्या वर्षाच्या मुलाला, देशातल्या सर्वांत कठीण परिषदेत.

बचाव तर तोपर्यंत गळायला लागला होता. अलाबामाने तीन सामन्यांत १०२, ९६ आणि ९९ गुण केले. ओल मिसने ९८, ऑबर्नने ९४. केंटकी स्वतः सरासरी ८४ च्या पुढे गुण करत होता, म्हणून टिकला. सामने जिंकले तेही असे, की आक्रमणाने बचावाची भरपाई करायची. इथे मला आजोबांचं ‘तो एक वर्ष बसला होता’ पुन्हा आठवलं. आक्रमण लवकर शिकता येतं, विशेषतः हात चांगले असतील तर. बचावात शेजारचा माणूस कधी सरकेल, कधी हाक मारेल, कुठल्या पावलावर मदतीला येईल, हे अंगवळणी पडायला दिवस लागतात. पाच अनोळखी माणसांना ते सहा महिन्यांत जमणं कठीण. जखमांनी जोड्या रोज बदलत असताना तर फारच.

१ फेब्रुवारीला कॅलिपारी आर्कान्सॉचा संघ घेऊन रप अरीनात आले. वीस हजार लोकांनी त्यांची हुर्यो उडवली. वॅगनर, थिएरो, इव्हिशिच समोरच्या जर्सीत. आर्कान्सॉ ८९-७९ असा जिंकला. त्या रात्री व्हरांड्यात कोणी बोललं नाही. मी एवढंच म्हणेन की त्या हुर्योत रागापेक्षा दुखावलेपण जास्त होतं. पंधरा वर्षं काही थोडी नाहीत.

आता ज्या एका सामन्यासाठी हे सगळं लिहावंसं वाटलं, तो सांगते. २६ फेब्रुवारी, ओक्लाहोमातलं नॉर्मन. ओवेचं जुनं कॉलेज, जुनं मैदान. त्याला चेंडू मिळाला की प्रेक्षकांचा आरडाओरडा. ज्यांनी वर्षापूर्वी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या तेच लोक. केंटकी मागे होता. तिथून पुढे केंटकीचे सगळे गुण ओवेने केले. सगळे. शेवटचे सलग १८ गुण, दुसऱ्या कोणाचा एक नाही. कधी डावीकडून खांदा घालून, कधी फ्री थ्रोवर, आणि शेवटची काही सेकंदं उरली असताना पुन्हा थेट रिंगाकडे घुसून. ८३-८२. त्याचे २८ गुण. चेहऱ्यावर काही नव्हतं, ना सूड ना हसू. आजोबांनी टीव्हीचा आवाज बंद केला होता, त्यांना धडधडतं म्हणून. त्या शांततेत तो शेवटचा बास्केट पडला आणि ते उठून फ्रिजपाशी गेले. ओवेच्या नावाखाली त्यांनी शिसपेनने रेघ ओढली.

दोन आठवड्यांनी नॅशव्हिलला परिषदेच्या स्पर्धेत पुन्हा ओक्लाहोमाच समोर आला, आणि पुन्हा ओवेनेच अर्धा सेकंद उरला असताना जिंकून दिलं. ८५-८४.

एनसीएए स्पर्धेत केंटकीला तिसरं मानांकन मिळालं. मिलवॉकीत ट्रॉयवर ७६-५७, मग इलिनॉयवर ८४-७५. २०१९ नंतर प्रथमच संघ शेवटच्या सोळांत गेला. तिथे इंडियानापोलिसला टेनेसीने ७८-६५ असं थांबवलं. याच टेनेसीला केंटकीने हंगामात दोनदा हरवलं होतं. तिसऱ्या भेटीत त्यांच्या मुरलेल्या बचावाने पोप यांच्या सगळ्या वाटा अडवल्या. २४ विजय, १२ पराभव.

कोणी याला यश म्हटलं, कोणी कमी म्हटलं. शून्यातून सुरुवात करून, तीन चेंडूवाहक जायबंदी होऊनही शेवटच्या सोळांत जाणं हे माझ्या मते मोठं काम होतं, आणि तारा नसल्याची तक्रार पूर्ण खोटी ठरली होती. खोटी ठरली नाही ती आजोबांची तक्रार.

पुढचा एप्रिल

बटलर, ब्रेया, कार, विल्यम्स, रॉबिन्सन यांची कॉलेजची वर्षं संपली. ते जाणारच होते. क्रिसा सिनसिनाटीला गेला. आणि मग बातमी आली की पेरीही पोर्टलमध्ये आहे. लायन काउंटीचा पेरी, कोऱ्या कागदावरचं एकमेव नाव. तो ओल मिसला गेला.

इथे चाहत्यांचा वाद उलटाच झाला. ज्यांनी वर्षभर घरची मुलं हवीत म्हणून जीव काढला, त्यातले काही जण पेरीवर रागावले. मला तो राग पटला नाही. त्याला खेळायचं होतं, आणि येणाऱ्या गार्डांची, म्हणजे चेंडू वर आणणाऱ्यांची, यादी बघता इथे त्याला मिनिटं मिळाली नसती. बाहेरून आलेल्यांचं स्वागत ज्या नियमाने केलं, त्याच नियमाने तो गेला. आजोबा मात्र रागावले नाहीत. ते म्हणाले, ‘पोरगा माझ्यासमोर मोठा झाला, खेळू दे त्याला.’ नोआ राहिला, चँडलर राहिला, गॅरिसन राहिला. आणि ओवे, भाडोत्री म्हटलेला ओवे, एनबीएची चाचपणी करून परत आला. ती बातमी कळली त्या दिवशी आजोबांनी मला गेटपाशी थांबवून सांगितली.

जून २०२५ मध्ये न्यायालयाने एक मोठी तडजोड मंजूर केली. विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले, आणि बास्केटबॉल संघाची मर्यादा तेराऐवजी पंधरावर गेली. म्हणून फ्रिजवरच्या नव्या कागदावर पंधरा ओळी होत्या. पिट्सबर्गहून जेलंड लोव, विजेत्या फ्लोरिडाहून डेन्झेल ॲबरडीन, अलाबामाहून मुहमद दिऊबाते, टुलेनहून कॅम विल्यम्स. ॲरिझोना स्टेटहून जेडन क्वेंटन्स, जो कॅलिपारींच्या वेळी केंटकीशी करार करून मग पांगलेल्यांपैकी एक, आणि आता गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतून सावरत असलेला. घरचे म्हणावे असे दोन नवखे, लेक्सिंग्टनचा जॅस्पर जॉन्सन आणि जवळच्या जॉर्जटाउनचा मलाकाय मोरेनो.

या खेपेला पुतण्या बेरीज करायला लागला तेव्हा मी त्याला थांबवलं आणि विचारलं, लोवला काही झालं तर चेंडू कोण आणणार? त्याने यादीवरून बोट फिरवलं. ॲबरडीन, म्हणाला. ॲबरडीन फ्लोरिडात बाकावरून येणारा गार्ड होता, चालवणारा नव्हे. आम्ही त्यावर बराच वेळ बोललो. त्या उन्हाळ्यातला तोच मला सगळ्यात खरा वाद वाटतो, आणि त्यात आजोबाही होते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये, हंगाम सुरू व्हायच्या आधीच, संघाच्या आपसातल्या सराव सामन्यात लोवचा खांदा निखळला. तो सावरून परत आला, पुन्हा दुखावला, आणि जानेवारीत शस्त्रक्रियेसाठी त्याचा हंगाम संपला. मधे डिसेंबरात नॅशव्हिलला गोन्झागाने केंटकीला ९४-५९ असं धुतलं आणि आपल्याच प्रेक्षकांनी आपल्या मुलांची हुर्यो उडवली. त्या रात्री मी शेजारी गेले तेव्हा आजोबा फ्रिजसमोर उभे होते. ॲबरडीनच्या नावापासून पहिल्या ओळीपर्यंत त्यांनी शिसपेनने एक बाण काढला होता, आणि पुतण्याला फोनवर सांगत होते की चँडलरलाही थोडा वेळ चेंडू देऊन बघायला हवा.